‘प्रवेशाचे हक्क राखीव’: गिऱ्हाइकाला कधी नाकारता येतं, कधी नाही

हॉटेलच्या दारावर, लॉजच्या काउंटरमागे, कधी केस कापायच्या दुकानातही ‘प्रवेशाचे सर्व हक्क राखीव’ ही पाटी दिसते. पाटी लावल्याने मालकाला एकही नवा अधिकार मिळत नाही. पाटी नसताना जेवढं नाकारता येतं, तेवढंच ती असताना येतं. ते ‘तेवढं’ म्हणजे किती, हे बऱ्याच मालकांना ठाऊक नसतं आणि गिऱ्हाइकांना तर त्याहून कमी. म्हणून आधी मालकाच्या बाजूने आणि मग गिऱ्हाइकाच्या बाजूने, पायरी-पायरीने पाहू. सगळी उदाहरणं भारतीय कायद्यातली आहेत आणि राज्याचा नियम लागतो तिथे महाराष्ट्रातला घेतला आहे.

मुळात नकार देता येतो

काचेत लावलेली साडी, मेन्यू कार्डावरचा भाव किंवा फलकावरचा दर म्हणजे करार नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या हिशेबाने ते गिऱ्हाइकाला बोलावणं आहे. गिऱ्हाईक मागतं तो प्रस्ताव, मालक ‘हो’ म्हणतो तेव्हा करार होतो. त्याआधी ‘आज देत नाही’ म्हणायला सहसा मोकळीक आहे. राज्यघटनेचं कलम १९(१)(छ) धंद्याचं स्वातंत्र्य देतं, पण त्यालाच जोडून १९(६) मध्ये त्या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात.

काय विकायचं हे पूर्णपणे मालकाचं आहे. फक्त शाकाहारी थाळी ठेवा, फक्त नऊवारी विका, सोमवारी दुकान बंद ठेवा, कुणाची हरकत नाही. कुणाला विकायचं हे मात्र पूर्णपणे मालकाचं नाही. मासे न विकणारी खाणावळ भेदभाव करत नाही. मासे खाणाऱ्या समाजातला माणूस आहे म्हणून त्याला वरण-भातही न देणारी खाणावळ करते.

काही धंद्यांत एवढीही मोकळीक नसते. रिक्षा-टॅक्सीचं परमिट घेतलं की नियम मोडून भाडं नाकारणं हाच मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८(३) खाली गुन्हा आहे. रेशन दुकानदाराला आपल्या यादीतल्या कार्डधारकाला परत पाठवता येत नाही. जिवावर बेतलेल्या रुग्णाला प्राथमिक उपचार देणं डॉक्टरला बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सांगितलं आहे.

धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान

घटनेच्या कलम १५(२) नुसार केवळ या पाच कारणांवरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांत अडवता येत नाही. मूलभूत हक्क बहुतेक वेळा सरकारविरुद्ध असतात. हा मात्र थेट खासगी मालकालाही लागू होतो.

‘दुकान’ म्हणजे काय, हा वाद संविधान सभेतच झाला होता. २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत न्हावी, धोबी यांचं काय, असं विचारलं गेलं. डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा, की दुकान हा शब्द केवळ आत शिरू देण्यापुरता नाही. सेवेच्या अटी मान्य असतील तर ती सेवा मिळणंही त्यात आलं. डॉक्टर-वकिलांची कार्यालयंही त्यांनी याच व्याख्येत धरली. २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच व्यापक अर्थ उचलला आणि खासगी शिक्षणसंस्थाही त्याखाली आणल्या.

यादी वाचताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. जन्मस्थान म्हणजे राहण्याचा पत्ता नव्हे. १९५५ च्या डी. पी. जोशी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. त्यामुळे गावातल्या रहिवाशांना सवलत देणं वेगळं आणि ‘अमुक राज्यात जन्मलेल्यांना माल मिळणार नाही’ ही पाटी वेगळी. दुसरं, भाषा या यादीत नाही. पण भाषेच्या नावाखाली माणूस कुठला आहे हेच हेरलं जात असेल, तर मालकाचा बचाव तकलादू ठरतो. तिसरं, लिंग या शब्दात लैंगिक कलही येतो, असं २०१८ च्या नवतेज जोहर निकालात म्हटलं आहे. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना ‘तसलं जोडपं’ म्हणून परत पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एक मोठी फट मात्र आहे. कलम १५(२) मोडलं म्हणून तुरुंगवास किंवा दंड त्या कलमात नाही. भेदभावाविरुद्ध एकच सर्वसमावेशक कायदा भारतात झालेला नाही. शशी थरूर यांनी तसं खासगी विधेयक २०१७ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, ते पुढे गेलं नाही. त्यामुळे नकाराचं कारण कोणतं, यावर कुठला कायदा चावतो ते ठरतं.

जात: इथे कायद्याला सर्वांत धारदार दात आहेत

१९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्यातली ‘दुकान’ या शब्दाची व्याख्या हातगाडी, फेरीवाला, फिरती गाडी, लॉन्ड्री आणि केशकर्तनालयापर्यंत जाते. ‘हॉटेल’मध्ये चहाची जागा, बोर्डिंग, लॉज सगळं येतं.

कलम ६ मधले शब्द मालकाने नीट वाचावेत. इतरांना ज्या वेळी, ज्या जागी आणि ज्या अटींवर माल किंवा सेवा मिळते, तशीच न देणं हा गुन्हा आहे. म्हणजे सरळ ‘नाही’ म्हटलं तरच गुन्हा होतो असं नाही. चहा दिला पण वेगळ्या पेल्यात, केस कापले पण दुकान बंद झाल्यावर मागच्या दारी, जेवण दिलं पण ओट्यावर बसवून, हे सगळं याच कायद्यात येतं. वेगळ्या भांड्यांसाठी कलम ४ आहेच.

शिक्षा किमान १ महिना, कमाल ६ महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. दंडाचा आकडा पाहून हसू येतं, पण कैद टाळता येत नाही. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर ६ महिने ते १ वर्ष, त्यानंतर १ ते २ वर्षं. शिवाय कलम ८ नुसार दोषी ठरल्यावर न्यायालय त्या धंद्याचा परवाना रद्द किंवा निलंबित करू शकतं. हॉटेलवाल्याला खरा फटका तिथे बसतो.

सर्वांत महत्त्वाचं कलम १२. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेतूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं. ‘मला जात माहीतच नव्हती’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. महाराष्ट्रात १९९० च्या दुरुस्तीपासून नवबौद्धही अनुसूचित जातींत मोजले जातात, हे काही जण अजून विसरतात.

याच्यावर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला दुकान, दवाखाना, करमणुकीची किंवा इतर सार्वजनिक जागा यांत शिरताना अडवणं आणि सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, हे गुन्हे यादीत घातले. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षं आणि दंड. अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची आडकाठी आहे. गावकीने ठरवलं म्हणून एखाद्या वस्तीला किराणा बंद करणारा दुकानदार ‘मी फक्त गावाचं ऐकलं’ म्हणून सुटत नाही.

जातपंचायतीने आपल्याच समाजातल्या कुटुंबाला वाळीत टाकलं आणि दुकानदाराने त्यात हात मिळवला, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हॉटेलातला चहा आणि जात यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. कोल्हापुरात दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे चहा प्यायला थांबत. त्या वेळी मात्र गिऱ्हाईक दुकानदाराला नाकारत होतं.

दिव्यांग, तृतीयपंथी, एचआयव्हीबाधित

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी आस्थापनांनाही लागू आहे. नकार द्यायचा तर तो रास्त हेतूसाठी आणि प्रमाणात होता, हे दाखवावं लागतं. ‘इतर गिऱ्हाइकांना बरं वाटत नाही’ हा रास्त हेतू नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये व्हीलचेअरवरच्या तरुणीला, तिच्या सांगण्यानुसार, नेमकं हेच कारण दिलं गेलं आणि मालकाला जाहीर माफी मागावी लागली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये कोलकाता-गोवा विमानातून उतरवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर कलम ९२ खाली ६ महिने ते ५ वर्षं कैद होऊ शकते. रॅम्प नसेल तर ‘जागा नाही’ म्हणू नका. पायरी किती उंच आहे ते सांगा आणि कुठली मदत हवी ते विचारा.

तृतीयपंथी व्यक्तींना सर्वसामान्यांसाठी असलेला माल, जागा वा सेवा नाकारायला २०१९ च्या कायद्यात मनाई आहे. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा कायदा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

मालकासाठी: नकाराची पद्धत

१. नियम आधी लिहा, गिऱ्हाईक नंतर येऊ द्या. भांडण झाल्यावर सुचलेला नियम न्यायालयात टिकत नाही. एक पान पुरे: दारू पिऊन धिंगाणा, शिवीगाळ, उधारी थकलेली, बाहेरचे खाद्यपदार्थ, बंद व्हायची वेळ, आसनक्षमता, ओळखपत्र. तारीख टाकून सही करा आणि दर्शनी भागात लावा.

२. प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारा: हा नियम माणसाच्या वागण्यावर बोट ठेवतो की ओळखीवर? ‘गोंधळ घालणाऱ्यांना प्रवेश नाही’ हे वागणं झालं. ‘अमुक वस्तीतली पोरं नकोत’ ही ओळख झाली, मग तुम्ही त्यात जातीचा उच्चार करा वा करू नका.

३. नियम सगळ्यांना लावा. बहुतेक मालक अडकतात ते इथे. बाहेरचं खाणं चालत नाही अशी पाटी आहे, पण ओळखीच्या शेठजींचा डबा चालतो आणि दुसऱ्याचा थांबवला जातो. मग पाटी हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो.

४. काउंटरवरचं वाक्य ठरवून द्या. नकार देणारा बहुधा मालक नसतो, नवा वेटर किंवा रात्रपाळीचा मॅनेजर असतो. त्याला एवढंच शिकवा: ‘साहेब, तुम्ही टेबलावर हात आपटून शिवी दिलीत, म्हणून आज सेवा देता येणार नाही.’ कृती सांगायची, माणसाचं वर्णन नाही. ‘तुमच्यासारखे लोक’ हे शब्द वर्ज्य. धंदा कंपनीचा असेल तर नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १४ नुसार कारभार पाहणाराही जबाबदार धरला जातो.

५. नोंदवहीत चार ओळी लिहा: तारीख, वेळ, काय घडलं, कोण हजर होतं. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढा, कारण डीव्हीआर काही दिवसांनी जुनं पुसून नवं चढवतो. ते न्यायालयात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

६. गिऱ्हाईक निघायला तयार नसेल तर हात लावू नका. सरळ शब्दांत बाहेर जायला सांगा आणि ११२ ला फोन करा. त्रास देण्याच्या हेतूने जागेत ठाण मांडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली अतिक्रमणाचा गुन्हा आहे. पण धक्काबुक्की झाली की फिर्यादी तुम्ही उरत नाही, आरोपी होता.

काही नकार तर कायद्यानेच बंधनकारक आहेत. महाराष्ट्रात बिअर-वाइन २१ वर्षांखालच्यांना आणि कडक दारू २५ वर्षांखालच्यांना विकता येत नाही. तंबाखू १८ खालच्यांना नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची औषधं चिठ्ठीशिवाय नाहीत. इथे एकच काळजी: वयाचा पुरावा मागायचा तर संशय येईल त्या प्रत्येकाकडे मागा, चेहरा किंवा आडनाव पाहून निवडक नको.

लॉजवाल्यांची डोकेदुखी

अविवाहित जोडप्याला खोली देण्यावर बंदी घालणारा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. पण वैवाहिक स्थिती कलम १५(२) च्या यादीत नाही. म्हणून ‘आम्ही अविवाहितांना देत नाही’ असा लॉजचा स्वतःचा नियम असू शकतो. ‘पोलीस देऊ देत नाहीत’ ही मात्र थाप आहे.

तोच नियम कधी घसरतो? जोडपं एकाच धर्माचं असेल तर कुणी लग्नाचा दाखला मागत नाही आणि दोन आडनावं दोन धर्मांची दिसली की मागतात, तेव्हा. जुलै २०१७ मध्ये बंगळुरूत एका जोडप्याला असंच नाकारल्याची बातमी झाली होती. तो नकार थेट धर्मावरचा होतो.

‘लोकल आयडी चालणार नाही’ हा पत्त्यावरचा नियम आहे, तेव्हा कलम १५(२) मोडत नाही. पण बुकिंग घेताना तो सांगितला नसेल आणि रात्री अकराला काउंटरवर सांगितला, तर ग्राहक आयोगात सेवेतली त्रुटी म्हणून हरायची तयारी ठेवा.

कपडे आणि ‘स्टॅग’ (जोडीदाराविना आलेला पुरुष)

पोशाखाचा नियम ठेवता येतो. चप्पल नको, चड्डी नको, ठीक. अडचण तेव्हा होते जेव्हा ‘स्मार्ट कॅज्युअल’च्या नावाखाली धोतर, वेष्टी किंवा साडी अडवली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये जुहूच्या एका रेस्टॉरंटने वेष्टी नेसलेल्या तमिळ माणसाला दारातून परत पाठवलं. जुलै २०२४ मध्ये धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला अडवल्यावर बंगळुरूचा एक मॉल सात दिवस बंद ठेवावा लागला. वरवर सगळ्यांना सारखा असलेला नियम एका गटावरच पडत असेल तर तोही भेदभाव ठरू शकतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या नितीशा निकालात सैन्यातल्या स्त्रियांच्या संदर्भात मान्य केलं आहे. व्यवहारात सोपं सांगायचं तर ‘स्वच्छ, अंगभर, पायात पादत्राण’ असा नियम लिहा. कुठल्या प्रांताचा पोशाख ते दारवानावर सोपवू नका.

‘एकट्याला प्रवेश नाही’ हा नियम एकट्या पुरुषालाही लागतो आणि एकट्या बाईलाही. ‘एकटी बाई चालेल, एकटा पुरुष नाही’ म्हटलं की तो लिंगावर जातो.

फ्लेक्स, पत्रिका, केक यांचा धंदा असलेल्यांसाठी एक फरक उपयोगी आहे. मजकूर नाकारणं आणि माणूस नाकारणं वेगळं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेलफास्टच्या एका बेकरीला याच मुद्द्यावर सोडलं: केकवरची घोषणा त्यांनी कुणासाठीच लिहिली नसती. तुम्हालाही हीच कसोटी लावता येते. हाच मजकूर दुसऱ्याने आणला असता तर छापला असता का?

गिऱ्हाइकासाठी: नाकारलं तर काय करायचं

तिथल्या तिथे कारण विचारा आणि शक्यतो लेखी किंवा मेसेजवर मागा. ‘मॅनेजरशी बोलतो’ म्हणून जो आत जातो त्याचं नाव विचारून ठेवा. शेजारच्या टेबलावरच्या दोघांचे नंबर घ्या. त्याच वेळी इतरांना सेवा मिळत होती याचा फोटो किंवा व्हिडिओ फार कामाचा. ‘त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर’ हे नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ६ चे शब्द तोच सिद्ध करतो.

कारण जातीचं असेल तर सरळ पोलीस ठाणं. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. जातीचा दाखला सोबत न्या. फिर्यादीत नुसतं ‘अपमान केला’ असं लिहू नका. कोणत्या शब्दांत, कुणासमोर आणि काय नाकारलं, ते लिहा. ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो आणि आरोपपत्र ६० दिवसांत अपेक्षित असतं. मदतीसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ठाणे अंमलदाराने फिर्याद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा.

दिव्यांगत्वावरून नाकारलं असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. धर्म, लिंग किंवा जन्मस्थानावरून नाकारलं असेल तर वाट अरुंद आहे. उच्च न्यायालयात कलम २२६ खाली याचिका किंवा परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे तक्रार, एवढीच.

बुकिंग झालं होतं, पैसे भरले होते, तर मात्र कारण कुठलंही असो, ग्राहक आयोगाचा रस्ता सर्वांत सोपा. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार चालते, ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पैसेच भरले नव्हते, नुसतं दारातून परत पाठवलं, तर ‘ग्राहक’ या व्याख्येत बसणं अवघड जातं. तिथे वेळ घालवू नका. त्याच दिवशी हॉटेलला मेल करून ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा’ एवढी एक ओळ लिहा. नंतर त्यांनी ते पुसलं, तरी तुमच्या हातात ती तारीख राहते.